इंगळे मॅडमच्या पगाराचं सुतक

सुरेखा गजानन इंगळे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भर दुपारी, ज्या हायस्कुलात त्या चौदा वर्षं गणित शिकवत होत्या त्याच हायस्कुलाच्या फाटकासमोर. दिवस आणि जागा मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर गावानं दोन्ही बदलून टाकलं. उंद्री गावात आज कोणालाही विचारा, "इंगळे मॅडमचं काय झालं?" उत्तर ठरलेलं आहे. "त्यांनी नोकरी सोडली ना, तिथून सगळं बिघडलं." म्हणजे अन्याय झाला राजीनाम्याच्या दिवशी, आणि तो केला बाईनंच. त्याआधी सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं म्हणे.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या संस्थांना वाटेल की आपण सुटलो.

करीच्या दिवशी शाळेला सुटी असते. ती देणं मुख्याध्यापकाच्या अधिकारात असतं, आणि मुख्याध्यापक स्वतः संस्थाचालकाच्या अधिकारात असतात. या संस्थाचालकांना सगळे दादासाहेब म्हणतात. ते नेमके कोणाचे सख्खे दादा हे कोणालाच माहीत नाही. तर दादासाहेबांकडे मुंबईहून कोणी वजनदार पाहुणे येणार होते, म्हणून सुटी रद्द झाली आणि आदल्या संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर आदेश पडला: सर्व शिक्षिकांनी जांभळ्या साडीत, औक्षणाच्या ताटासह, सकाळी फाटकावर हजर राहावं. साडी जिची तिनं घ्यायची, ताट घरून आणायचं, ऊन मात्र संस्थेतर्फे.

पाहुणे यायला भर दुपार झाली. जांभळ्या साडीतल्या सात बायका तोवर फाटकावर ताटं धरून उभ्या होत्या. मॅडमचं बीपी वाढलेलं असायचं हे स्टाफरूमच्या भिंतींनाही ठाऊक होतं. दूरवर गाड्यांचा धुरळा दिसला आणि नेमकी तेव्हाच बाई घेरी येऊन खाली कोसळली. हेडसर धावले. धावले हे खरं आहे, मी त्यांच्यावर खोटा आळ घेणार नाही. पण धावत येऊन ते ओरडले, "अरे ताट! ताट उचला पहिले, गाडी आली!"

ताट उचललं गेलं. कुंकू पुन्हा भरलं, निरांजन पुन्हा लावलं, ते दुसऱ्या बाईच्या हातात दिलं. मॅडमला शिपायानं बाजूला नेऊन सायकल स्टँडच्या सावलीत टेकवलं. पाहुण्यांचं औक्षण व्यवस्थित पार पडलं.

इतकंच घडलं. आता ती बाई कोण होती ते सांगते.

मी त्यांच्या शेजारची. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, आणि भिंत अशी की पलीकडे भाजीला फोडणी पडली तर आम्हाला ठसका लागायचा. इतक्या वर्षांत इंगळे मॅडम बसलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. चहा उभ्यानं, वेणीफणी उभ्यानं, दाराबाहेर स्कूटी चालू ठेवून एका हातानं धाकट्या लेकीच्या, माऊच्या, तोंडात घास आणि दुसऱ्या हातात मोबाइल. ग्रुपवर फोटो पाठवायचे असत. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. मुलांनी शपथ घेतली, फोटो. एकदा मी म्हटलं, "मॅडम, शिकवतानाचा फोटो कधी मागतात?" तर म्हणाल्या, "त्याची त्यायले गरज नाही वं पोरी. शिकवलेलं फोटोत येत नाही."

बोलणं असं. आवाज खणखणीत, आणि नको असलेल्या गोष्टीला एकच वाक्य: "मले पटावर धरू नका." भिशी असो, हळदीकुंकू असो, कोणाच्या सासूची निंदा असो. "मी तुमच्या पटावर नाही, मले धरू नका." हे वाक्य त्या गावात कोणालाही ऐकवायच्या. शाळेत मात्र चौदा वर्षं एकदाही म्हणाल्या नाहीत. तिथं त्या पटावर होत्या, आणि पट हीच त्यांच्या मानगुटीवर बसलेली गोष्ट होती.

ज्यांच्या घरात शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगते. पट म्हणजे शाळेच्या हजेरीवरची मुलं; ती कमी झाली की शिक्षक जास्त ठरतो, आणि जास्त ठरलेल्या शिक्षकाची कुठे उचलबांगडी होईल याचा नेम नसतो. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात शिक्षक सुटीवर जात नाहीत, मुलं धरायला जातात. अक्षरशः धरायला. गाडीवर, जीपमध्ये, गावोगाव, वाड्यावस्त्यांवर, आईबापांच्या हातापाया पडत. एकदा धाड गावच्या आठवडी बाजारात मॅडमना एक पालक भेटला. मीही सोबत होते, मिरच्या घ्यायला गेले होते. त्याचा मुलगा आठवीत जाणार होता आणि त्याच्याकडे आधीच दोन शाळांचे सर येऊन गेले होते. माणूस पोत्यावर बसून निवांत म्हणाला, "मॅडम, कालचे सर दप्तर देतो म्हणले. परवाचे तं सायकलीचं बोलून राह्यले. तुमी काय देता?"

मॅडम म्हणाल्या, "मी गणित देते."

"ते तं सगळेच देतात जी."

"कुठं देतात? सगळे दप्तर देऊन राह्यले."

पालक मनापासून हसला, मॅडमना उसाचा रस पाजला आणि मुलाला सायकलवाल्या शाळेत घातलं. परतताना जीपमधून उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे. बाजारात बसलो तं भाव इचारणारच ना कोणी." मला राग त्या माणसाचा आला नव्हता. शिकलेल्या, बी.एड. झालेल्या बाईला मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभं करून तिचा भाव करायला लावणारे घरी पंख्याखाली झोपले होते, त्यांचा आला होता. तो अजून आहे.

घरात नवरा गजाननराव, कृषी केंद्राच्या काउंटरवर कामाला, बोलणं कमी आणि मान खाली. दोन मुली. थोरली ऋतुजा सहावीत, धाकटी माऊ तेव्हा बालवाडीत. ही माऊ एकदा आमच्या ओट्यावर 'आई-आई' खेळत होती. पोरी हा खेळ खेळतात तेव्हा बाहुलीला निजवतात, लुटुपुटीचा स्वयंपाक करतात. माऊ डब्याचं झाकण कानाला लावून येरझारा घालत होती. "हो सर. पाठवते सर. लगेच सर. हो सर." बराच वेळ तेवढंच. मला हसू फुटलं, मी भिंतीवरून मॅडमना हाक मारली, "या, या, तुमची नक्कल पाहा!" त्या आल्या, पाहिलं, हसल्या नाहीत. माऊच्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि तिथंच आमच्या ओट्याच्या कडेला टेकल्या. "पोरी," म्हणाल्या, "हिच्या खेळात लेकरूच नाही वं."

फाटकावर कोसळल्या त्या यानंतर काही महिन्यांनी. तेव्हा कोणी म्हणालं की बाईनं रागाच्या भरात राजीनामा दिला, तर ते खोटं आहे. राग एका दुपारचा असतो. हा हिशेब बराच जुना होता, त्या दुपारी फक्त बेरीज झाली.

राजीनामा घेऊन त्या कार्यालयात गेल्या तर लिपिक बापू हातच लावीना. शेवटी म्हणाला, "द्याचाच असंन तं कारण बदला मॅडम. 'कौटुंबिक कारणास्तव' लिहा. सगळे तेच लिहितात."

"काऊन हो बापू? कुटुंबानं काय केलं?"

"तसं नाही जी, लिहाची पद्धत आहे."

"माहं कुटुंब घरी बसून माही वाट पाहते. त्याच्यावर आळ काऊन घेऊ?"

आणि त्यांनी लिहिलं: 'नोकरीच्या कारणास्तव मी नोकरी सोडत आहे.' बापूनं ते वाचून डोक्याला हात लावला. माझ्या मते या जिल्ह्यात आजवर लिहिलेल्या राजीनाम्यांमधलं ते एकमेव खरं वाक्य असावं. विचार करा, किती माणसं मोडून बाहेर पडली असतील आणि जाताना बदनामी कोणाची करून गेली? स्वतःच्या नवऱ्याची, बायकोची, लेकरांची, म्हाताऱ्या आईची. संस्था धुतलेल्या तांदळासारखी.

राजीनामा दिला तरी लगेच मंजूर होत नाही. नोटिशीचा काळ असतो, त्या काळात तो परत घेता येतो. मॅडमनी उरलेली रजा टाकली आणि घरी राहिल्या. आणि मग गावानं, नातेवाइकांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या काळाचा जो उपयोग केला, तो पाहून मला पहिल्यांदा कळलं की आपल्या समाजात माणूस मेल्याचं दुःख नेमकं केवढं असतं. पगार मेल्याच्या दुःखापेक्षा थोडं कमी.

लोक बसायला येऊ लागले. हो, बसायला. कोणाच्या घरी मयत झाली की दहाव्याच्या आत जसे येतात तसे. बायका डोक्यावरून पदर घेऊन आत, पुरुष बाहेर ओसरीत. यायचं, गप्प बसायचं, सुस्कारा टाकायचा, "कसं झालं हो?" विचारायचं, मान हलवायची, चहा प्यायचा, उठायचं. गजाननराव खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीत. शेजारच्या काकांकडून त्यांनी चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या, कारण माणसं मावेनात. सांत्वन सगळं त्यांचं चाललेलं. "धीर धरा गजाननराव." "तुमच्यावरच अशी येळ याची होती." "दोन पोरी आहेत पदरात, आता त्यायच्याकडं पाहून दिवस काढाचे." आणि जिच्या नावानं हे चाललेलं, ती बाई ठणठणीत जिवंत, स्वयंपाकघरात, आपल्याच सांत्वनाला आलेल्यांसाठी आलं कुटत असायची.

एकालाही वाटलं नाही की स्वयंपाकघरात जावं आणि विचारावं, बाई, तुझं बीपी किती आहे?

खुर्च्या देणारे काका हे निवृत्त विस्तार अधिकारी. ते रोज यायचे. त्यांना मानेचा त्रास, गळ्यात कायम पांढरा पट्टा. एके दिवशी त्यांनी मॅडमना बाहेर बोलावून समजावलं. "सूनबाई, आमी काय कमी सोसलं? साऱ्या नोकरीभर मान खाली घालून राह्यलो. साहेब म्हणाले दिवस, तं दिवस. साहेब म्हणाले रात, तं रात. म्हणून आज सुखानं पेन्शन खाऊन राह्यलो."

मॅडम चहाचा ट्रे तसाच धरून म्हणाल्या, "मंग काका, मान वर आली का?"

काकांचा हात आपोआप पट्ट्याकडे गेला. एक जण खोकला. मी आमच्या ओट्यावरून मोठ्यानं हसले, आणि ते त्यांना ऐकू गेलं याचा मला आजही आनंद आहे.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रोजच्या या बैठकांनी गजाननराव खचत चालले होते. भिंतीपलीकडून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. बोलणं कसलं, एकच वाक्य. "घे ना परत सुरेखा. लोकं काय म्हणून राह्यले पाह्य." आणि मॅडमचं उत्तर दिवसेंदिवस बारीक होत गेलं. आधी म्हणायच्या, "नाही घेत." मग, "पाहू." या बाईला दादासाहेब वाकवू शकले नव्हते. पण नवरा केविलवाण्या तोंडानं रोज समोर बसला तर ती किती दिवस टिकणार? परत गेली असती. जांभळी साडी इस्त्री करून परत गेली असती, आणि तिला पुन्हा कोणी पटावरून काढू शकलं नसतं.

मग जानेफळच्या आत्याबाई आल्या.

या गजाननरावांच्या वडिलांची बहीण. एकट्या राहणाऱ्या विधवा, गावालगत थोडं वावर, त्यात विहीर. दुपारी जीपनं आल्या, डोक्यावर टोपलं, टोपल्यावर फडकं. ओसरीत काका आणि आणखी तिघं-चौघं बसलेले. आत्याबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. टोपलं खाली ठेवलं, फडकं सोडलं, आणि आत निघाल्या ज्वारीच्या भाकरी, डबाभर बेसन, म्हणजे पिठलं, आणि कांदे.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरातून कोणी गेलं आहे त्यांना सांगायला नको. आपल्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही. नातलग बेसन-भाकर घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खाऊ घालतात. त्याला कडू भाकर म्हणतात. गजाननरावांची आई वारली तेव्हा हीच आत्याबाई, असंच टोपलं घेऊन, याच वाटेनं आली होती.

गजाननरावांनी त्या भाकरींकडे पाहिलं. खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

"आत्याबाई," ते म्हणाले, "मेलं कोण?"

"कोणी नाही मेलं रे बाबू. कोण मरंन?"

"मंग हे काय आणलं?"

"मले सांगतलं, सुरेखाची नोकरी सुटली, आन गजूच्या घरी लोकं बसाले येऊन राह्यले. आता लोकं बसाले येत असंन तं चूल पेटली नसंन. चूल पेटली नसंन तं भाकर नको का? पोरी उपाशी असतीन." मग त्यांनी बसलेल्या मंडळींकडे पाहिलं, अगदी भोळेपणानं. "तुमी काय आणलं हो बापा?"

कोणी काही आणलं नव्हतं. सगळे चहा प्यायला आले होते.

माझ्या आयुष्यात मी अनेक सभा ऐकल्या, पत्रकं लिहिली, घोषणा दिल्या. इतकं नेमकं भाषण मी ऐकलं नाही, आणि ते करणाऱ्या बाईला आपण भाषण करतो आहोत हे ठाऊकही नव्हतं. सुतक पाळायचं तर नीट पाळा, एवढंच तिचं म्हणणं.

आतून मॅडम आल्या. भाकरी पाहिल्या, आत्याबाईंकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खदखदून हसल्या. "आणा इकडं आत्याबाई. माह्या पगाराची कडू भाकर मी नाही खाल्ली तं कोण खाईन?" आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसल्या, कांदा बुक्कीनं फोडला. ऋतुजा आली, माऊ आली. आत्याबाईंनी मंडळींनाही आग्रह केला, पण त्यांना एकाएकी कामं आठवली.

गजाननराव उठले. एकात एक घालून चारही खुर्च्या उचलल्या आणि काकांच्या मागोमाग त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या.

"असू द्या ना गजाननराव, लोकं येतीन अजून," काका म्हणाले.

"नाही येत, काका. सुतक फिटलं."

त्यानंतरच्या रविवारी हेडसर आले. सोबत संस्थेचा एक सदस्य आणि फळांची पिशवी. बसायला खुर्च्या नव्हत्या, चटई होती; मी मॅडमपाशीच होते. हेडसर मॅडमशी बोललेच नाहीत. सगळं गजाननरावांशी. "समजवा मॅडमले. दादासाहेबांचं मन मोठं आहे. झालं गेलं विसरा म्हणाले. यापुढं मॅडमले औक्षणात उभं करणार नाही, माझा शब्द. त्यांनी फक्त रांगोळीकडं पाहावं."

फक्त रांगोळीकडं. मी हे शब्द स्वतः ऐकले. ही सवलत होती बरं का. चौदा वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला दिलेली बढती.

मी वाट पाहत होते की मॅडम आता काय फटकारतात. पण बोलले गजाननराव. सावकाश, काउंटरवर गिऱ्हाइकाला औषधाचं प्रमाण सांगावं तसे.

"सर, त्या दिवशी ही पडली, तवा मले फोन कोणं केला?"

"अं? कार्यक्रम चालू होता ना. धावपळ होती."

"मले संध्याकाळी समजलं. शाळेच्या शिपायानं दुकानात येऊन सांगतलं. माहा नंबर तुमच्यापाशी आहे. आमच्या दुकानातून तुमी खत नेता. ताट उचलाले माणूस सापडला सर. मले फोन कराले नाही सापडला?"

हेडसरांनी फळांची पिशवी पुढं सरकवली. सदस्य म्हणाला, "तसं नसते भाऊ, तुमी गैरसमज करून राह्यले."

"हाव," गजाननराव म्हणाले, "गैरसमजच होता. इतके दिवस मी तिले 'परत जा' म्हणत होतो."

मॅडमनी तेव्हा नवऱ्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं ते मी लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. एवढं सांगते की आत जाऊन त्यांनी चहा केला, हेडसरांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या सर. सावकाश घ्या. इथं कोणी पाहुणे येणार नाहीत."

राजीनामा मंजूर झाला.

निरोप समारंभ झाला नाही. नोकरीचं वय संपवून जाणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि खोटी भाषणं मिळतात. आपण होऊन जाणाऱ्याला ग्रुपवरून काढून टाकतात. सहकारी बायकांपैकी एकीनं खासगीत निरोप पाठवला, "मॅडम, आम्ही मनातून तुमच्यासोबत आहोत." मॅडमचं उत्तर: "मनातून बाहेर या कधी." त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि विषय संपला. त्या बाईचा मला राग येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. पण तिच्याही दाराशी स्कूटी चालू असते, हे मला माहीत आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी उंद्रीचं भाड्याचं घर सोडलं. छोटा टेम्पो, त्यात भांडी, कपाट, दोन सायकली. आत्याबाईंच्या वावरात, विहिरीजवळ, हिरव्या जाळीखाली मिरची-टमाट्याची रोपं करायची असं ठरलं होतं. बी-बियाण्याचं गजाननरावांना कळत होतं, हिशेब आणि गिऱ्हाईक मॅडम सांभाळणार होत्या. टेम्पो निघताना गल्ली दारादारांत उभी होती. कोणी पुढे आलं नाही. मी मॅडमना म्हटलं, "फोन करा." त्या म्हणाल्या, "तूच ये. फोनचा मले कंटाळा आला."

मी जाऊन आले. सगळं छान झालं अशी गोष्ट तुम्हाला हवी असेल तर ती माझ्याकडे नाही. पहिली रोपं बुडाशी सडून गेली, ट्रेच्या ट्रे उकिरड्यावर टाकले. पेन्शन गेली ती गेलीच. ऋतुजा चिखलीच्या इंग्रजी शाळेतून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आली आणि दोन महिने आईशी धड बोलत नव्हती. मॅडम उन्हानं रापल्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. मी विचारलं, "थकता ना?" तर ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, "थकते ना. पण हा थकवा माह्या मालकीचा आहे वं. कोणाच्या बापाले फोटो पाठवा लागत नाही याचा."

आणि जानेफळला जाऊनही लोक थांबलेले नाहीत. रोपं न्यायला आलेला माणूस आधी रोपांचा भाव विचारतो, मग हळूच, "मॅडम, एवढी चांगली नोकरी, काऊन सोडली हो?" आजही. मी समोर असताना तिघांनी विचारलं. मॅडम हसून म्हणतात, "पाणी कमी द्या रोपाले, मुळं सडतात." आणि पैसे घेतात. त्या सहन करतात. मी करणार नाही.

मी 'नोकरी द्या' म्हणत कितीतरी मोर्च्यांत चालले आहे. नोकरीत काय देतात हे विचारणाऱ्या मोर्च्यात अजून चालले नाही, कारण तसा मोर्चा अजून निघालाच नाही. आपण सगळे दाराबाहेर ओरडतो, आत घ्या, आत घ्या. आतून कोणी धडपडत बाहेर आलं की त्यालाच वेडा ठरवून पुन्हा आत ढकलतो. आत काय चाललंय हे डोकावून पाहायची आपली तयारी नाही. पाहिलं तर आपल्या लेकीला, सुनेला, नवऱ्याला तिथं रोज सकाळी कोणत्या तोंडानं पाठवायचं?

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तुमच्या नात्यात, गल्लीत, ओळखीत कोणीतरी गेल्या वर्षा-दोन वर्षांत चालू नोकरी सोडून घरी आलेलं आहे. आहेच. तुम्ही त्या माणसाला 'काऊन सोडली' हे विचारून झालेलं आहे. आता आज, हा कागद खाली ठेवल्यावर, त्याच्या घरी जा आणि विचारा, "तिथं तुझ्याशी कोण कसं वागलं?" तो सांगेल ते मधे न बोलता शेवटपर्यंत ऐका. मग ती शाळा, ते दुकान, तो कारखाना, ते कार्यालय, जे असेल तिथं भर कामाच्या वेळी जा, मालकाच्या टेबलासमोर उभे राहा आणि मोठ्या आवाजात त्याला विचारा, "आमचं माणूस तुमच्याकडून काऊन गेलं?" उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका.